मांडीचा फोटो

६ जानेवारी, मंगळवार

ही डायरी बियाण्याच्या कंपनीची आहे. तृप्तीच्या सासऱ्यांना दुकानातून मिळाली, त्यांनी तिला दिली, तिनं मला आणून दिली. "आई, तू कुणाशी बोलत नाहीस, निदान लिही तरी," म्हणे. लेकीला वाटतं आईचं काहीतरी बिनसलंय. काही बिनसलेलं नाही. डिसेंबरात ह्यांना जालन्याच्या मोठ्या दवाखान्यात ऑक्सिजनवर ठेवलं, तेव्हापासून मला काही होतच नाही, एवढंच. ना भीती वाटते, ना रडू येतं. शेजारच्या खाटेवरचा माणूस गेला, त्याच्या घरच्यांनी हंबरडा फोडला, आन मी आपली पिशवीत डब्याचं झाकण शोधून राह्यले होते.

लिहायचंच तर नीट लिहिते. मी बेबीनंदा, धावड्याच्या अंगणवाडीची सेविका. लेकरांची वजनं करते, खिचडी वाटते, मोबाईलमध्ये माहिती भरते. हे म्हणजे मच्छिंद्र, माझे मालक. जालन्याच्या एमआयडीसीत सळईच्या कारखान्यात भट्टीपुढं ह्यांची जिंदगी गेली, वरून बिडी. आता फुफ्फुसाचा जुना आजार आहे, डॉक्टर सीओपीडी म्हणतात. घरी आणलंय. खाटेवरून उठून मोरीपर्यंत गेले तरी धाप लागते.

पानाच्या खाली छापलंय की हरभऱ्यावर घाटेअळीसाठी लक्ष ठेवा. आमचा हरभरा वाट्यानं दिलाय. ज्याचा त्यानं ठेवावं लक्ष.

८ जानेवारी, गुरुवार

जालन्याला जाऊन आलो. काळी-पिवळीनं भोकरदन, तिथून एसटी. दवाखान्याची लिफ्ट बंद होती आन छातीचे डॉक्टर वरच्या मजल्यावर. हे थोड्या पायऱ्या चढले की थांबतात, ओठ गोल करून फू करत श्वास सोडतात. मग मीही कठडा धरून थांबते. ह्यांच्यापायी थांबावं लागतं, नाहीतर मी कधीच वर गेले असते. तरी थांबलं की बरं वाटतं.

नवीन डॉक्टरीण आहे, मदीहा मॅडम. आमच्या तृप्तीहून लहानच दिसते. तिनं डिसेंबरातला सीटी स्कॅन कॉम्प्युटरवर उघडला. काकडीची चकती कापावी तशी छाती आडवी कापलेली दिसते त्यात. फुफ्फुसं काळी, कारण तिथं हवा. बरगड्या पांढऱ्या. आन छातीच्या पुढं दोन्हीकडं एक पातळ राखाडी पट्टी.

"काका, हा छातीचा स्नायू," मॅडम म्हणाल्या. "एवढा जाड पाहिजे होता. तुमचा बिलकुल पातळ झालाय. सगळे ते काळं बघतात, ह्या राखाडीकडं कुणी बघतच नाही."

हे म्हणाले, "मॅडम, दम लागतो फुफ्फुसाचा, आन तुमी मांस मोजून राह्यल्या? खाटकाचं दुकान हाय का हे?"

मॅडम हसल्या. राग नाही आला पोरीला. मग खुर्ची जवळ ओढून बोलल्या, "दम लागतो म्हणून तुम्ही बसून राहता. बसून राहता म्हणून पाय बारीक होतात. पाय बारीक झाले की नुसतं उभं राहायला दम लागतो. फुफ्फुस गेलं ते परत येत नाही, काका. स्नायू परत येतो. तो आणला नाही, तर पुढच्या आजारपणात तुम्ही खाट धराल. आणि एकदा खाट धरली की..."

खाट धरणं म्हणजे काय ते मला माहीतय. सासरे तसेच गेले. मला वाटलं आता छातीत धस्स होईल, पण झालं नाही. मी विचारलं, "खायला काय घालू?"

मग ह्यांच्या मांडीची सोनोग्राफी केली. सीटी सारखा काढता येत नाही, त्यात किरणं असतात, ह्याच्यात तसं काही नाही म्हणे. त्या खोलीत भिंतीवर पाटी होती, इथं मुलगा की मुलगी ते सांगितलं जात नाही. हे गार जेलनं आधीच वैतागले होते. पाटी वाचून म्हणाले, "मंग माझ्या मांडीत काय निघालं ते सांगतेल का न्हाई?" मॅडमच्या हातातलं यंत्र हसण्यानं हललं.

फोटोत वर कातडं, त्याखाली चरबीचा थर, त्याखाली काळसर स्नायू आन तळाला हाडाची पांढरी रेघ. काळसर थर जेवढा जाड तेवढी ताकद. ह्यांचा थर चपटा आहे, मलाही कळलं.

अंडी, दूध, डाळ, शेंगदाणे, आन खुर्चीवरून उठबस करायची. घरात धूर बिलकुल नको. होळी झाली की परत बोलावलंय, तेव्हा परत फोटो काढून मांडी भरली का ते बघणार. निघताना मॅडम मला म्हणाल्या, "काकू, तुम्ही पण खात जा." मी बरं म्हणाले. डॉक्टर लोक सगळ्यांनाच म्हणतात तसं.

९ जानेवारी, शुक्रवार

अंगणवाडीत शालूला सांगितलं. शालू माझी मदतनीस, तिच्या पोटात बात राहत नाही. दुपारपर्यंत गावभर झालं की मच्छिंद्र काकाची सोनोग्राफी केली. संध्याकाळी हापशावर बायांनी मला घेरलंच. "बाई, काकांना कितवा महिना?" "डोहाळे काय लागलेत?" मी म्हणाले, "अंडे लागलेत, रोजचे. द्या आणून." तेव्हा कुठं गप बसल्या. घरी आल्यावर हे सांगून मी हसायला पाहिजे होतं. ह्यांना सांगितलं, हेच हसले, हसता हसता खोकले.

चूल परसात नेली. पत्र्याचा आडोसा होता, तिथं मांडली. घरात गॅस आहे, पण गॅसवरची भाकर ह्यांना चालत नाही, रबर लागते म्हणतात. आता खाण्याची बात आहे, तर ह्यांच्या आवडीचंच करायला पाहिजे. आडोशाला तिन्ही बाजूंनी पत्रा आहे, चौथ्या बाजूला मी पोतं लावून घेते, मग धूर घराकडं येत नाही. सगळा माझ्याकडंच राहतो. ठसका लागतो जरा, पण तो तर जन्माचाच आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

पिंपळगावला रेणुकाईला जाऊन आले. ह्यांना म्हणाले, मिटिंग आहे.

देवीपुढं उभी राहिले तर काय मागायचं ते सुचेना. बायका कशा गहिवरून बोलतात देवीशी. माझ्या तोंडून सरकारी अर्ज वाचावा तसं निघालं. म्हणाले, ह्यांची मांडी भरेस्तोवर मी एकच वेळ जेवीन, दुपारचं. मंगळवारी तेही नाही, निरंकार. नारळ फोडला, आले.

घरी कुणाला सांगितलं नाही. ह्यांना कळलं तर घर डोक्यावर घेतील. तसंही रात्री हे आधी जेवतात, मग मी मागं जेवते, तर कोण बघतंय. अवघड नाही. भूक लागतेच कुठं मला.

१५ जानेवारी, गुरुवार

संक्रांत झाली. बांगड्या भरायला कासारीण आलती. दर वर्षी माझ्या हाताला साबण लावून कळ काढावी लागते. यंदा नेहमीच्या मापाच्या अशाच कोपरापर्यंत गेल्या. एक नंबर लहान भरल्या. "बाई, हात कसा पोरीसारखा झाला," म्हणाली. मला बरं वाटलं. बऱ्याच दिवसांनी काहीतरी वाटलं, म्हणून लिहिलं.

२२ जानेवारी, गुरुवार

उठबस करायला हे ऐकत नाहीत. भट्टीपुढं तापलेली सळई चिमट्यानं धरून ओढायचा हा माणूस, त्याला खुर्चीतून उठ म्हणाले तर लाज वाटते. "मी काय बालवाडीतलं लेकरू हाय का?"

मी म्हणाले, बालवाडीतली लेकरं तुमच्यापेक्षा शहाणी आहेत. मग मीच करून दाखवलं, लेकरांना दाखवते तसं. उठा, बसा, उठा, बसा. चार-सहा वेळा केलं आन डोळ्यापुढं अंधारी आली. खुर्ची धरून उभी राहिले. छाती भात्यासारखी.

"बेबी, तूच लागली धापा टाकायला," हे म्हणाले.

"भरल्या पोटी केलं ना, म्हणून," मी म्हणाले.

ह्यांना चेव आला. माझ्यापेक्षा जास्त करून दाखवलं. जमलं तर मग. आता रोज मी आधी करते, मग हे माझ्यावर मात करतात. ह्यांना जिंकायला आवडतं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

आज गरोदर बायांची बैठक घेतली. मी दर वेळी सांगते तेच सांगितलं. सगळ्यांच्या मागून जेवायचं नाही. उरलंसुरलं खायचं नाही. घरात अंडं एकच असेल तर ते आधी तुमचं. एक सून हळूच म्हणाली, "बाई, सासूबाई बसल्यात पुढं आन मी आधी कशी जेवू?" मी तिला चांगलं झापलं. म्हणाले, तुझ्या हाडाला मांस राहिलं नाही तर सासू येणार आहे का उचलायला? मी बोलायला खमकी आहे, हे सगळं गाव म्हणतं.

उठताना तोल गेला. शालूनं धरलं. "बाई, ब्लाउज किती ढिल्ला झाला तुमचा." जुना आहे, कापड सैल पडतं.

घरी आल्यावर पिशवीतली दंडाची पट्टी ह्यांच्या हाती लागली. लेकरांच्या दंडाला गुंडाळतो आम्ही, लाल आलं की लेकरू लई अशक्त, पिवळं आलं की सांभाळायला पाहिजे, हिरवं आलं की ठीक. ह्यांनी स्वतःच्या दंडाला लावून घेतली. हिरव्याच्याही पुढं गेली. "बघ, पास झालो," हे खूश.

"ही पट्टी लेकरांची आहे," मी म्हणाले. "मोठ्या माणसाला ती खोटंच सांगते."

हे बाहेर गेल्यावर मी माझ्या दंडाला लावून बघितली. हिरवीच आली. ठेवून दिली परत पिशवीत.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

हे आज एकटे हापशापर्यंत गेले आन आले. मधे एकदाच थांबले. हापशावरच्या बायांनी टाळ्या वाजवल्या म्हणे. घरी येऊन सांगताना ह्यांचे डोळे भरले होते. मी समोर उभी होते, हातात पिठाची परात. मला कळत होतं की ही आनंदाची गोष्ट आहे. कळत होतं, पण आत काही हललं नाही. "जेवून घ्या," एवढंच म्हणाले. ह्यांचं तोंड उतरलं. मला वाईट वाटायला पाहिजे, तेही वाटलं नाही. माझं काय झालंय ते मला कळत नाही. काल चुलीपुढं बसल्या बसल्या डुलकी लागली होती, पोत्याला ठिणगी लागून वास आला तेव्हा जाग आली.

२१ फेब्रुवारी, शनिवार

तृप्ती आली होती. बापाला बघून खूश. "बाबा, गाल वर आले तुमचे!" मग माझ्याकडं वळली, "आई, तू किती वाळलीस गं? आन हा खोकला कधीचा?"

"ऊन वाढलंय," मी म्हणाले.

"फेब्रुवारीत?"

मी तिला मुगाचे लाडू बांधून दिले आन तो विषय संपवला. ती गेल्यापासून हे माझ्याकडं बघून राह्यलेत. आज अंडं अर्धंच खाल्लं, अर्धं ताटात ठेवलं. म्हणाले, "तू खा." मी चांगली ओरडले. म्हणाले, फोटो काढायचे दिवस जवळ आले आन आता नखरे सुचतात? गुपचूप खाल्लं मग. संध्याकाळी मी भाकरी करत होते तर पोतं बाजूला सारून आत डोकावले. धुरानं लगेच खोकला आला. मी हाकलून दिलं. म्हातारपणी माणसाला काय काय सुचतं.

६ मार्च, शुक्रवार

काल जालन्याला गेल्तो. घरी आल्यावर लिहायला बसले होते, पण काय लिहायचं ते जमेना. आज लिहिते.

लिफ्ट परत बंद. ह्या वेळी हे माझ्यापुढं चढले. वरून म्हणाले, "ये की." मी खाली कठड्याला धरून होते. चप्पल निघाली, असं मी म्हणाले.

मदीहा मॅडमनी ह्यांच्या मांडीचा फोटो काढला. जानेवारीचा शेजारी ठेवला. "काका, वाढलाय! थोडा, पण बराबर वाढलाय." पोरगी खुर्चीतून उठलीच. ह्यांना पटेना. म्हणाले, "मॅडम, आमाला दोन्ही सारखेच चिखल दिसतेत. चांगली मांडी कशी दिसते ती तरी दाखवा एकदा, मंग समजंल."

"बराबर आहे," मॅडम म्हणाल्या. "काकू, तुम्ही झोपता का दोन मिनिटं? काकांना निरोगी मांडी दाखवू."

मला लाज वाटली. पण मॅडम बाईमाणूस, पडदा लावला, झोपले. जेल गार होतं. हे पडद्याच्या पलीकडून म्हणाले, "बघा बघा, गावातल्या बायांना सांगतो, आता हिची पण केली."

मॅडम हसल्या नाहीत. यंत्र उचललं, परत ठेवलं. परत उचललं. दुसऱ्या मांडीवर लावलं. मी वर पंख्याकडं बघत होते. पंख्याच्या एका पात्याला जाळं लागलं होतं.

मग मॅडमनी पडदा सारला आन स्क्रीनवर दोन फोटो शेजारी शेजारी लावले. हे वाकून बघायला लागले. डावीकडच्या फोटोवर बोट ठेवून म्हणाले, "हा माझा आत्ताचा."

"हो."

"आन हा बारीक, हा माझा जानेवारीतला."

"नाही काका. हा काकूंचा. आत्ताचा."

ह्यांनी बोट काढून घेतलं. मला वाटलं यंत्रात बिघाड असेल, तसं मी म्हणालेही. मॅडम म्हणाल्या, त्याच यंत्रानं काकांचा काढला ना. मग माझ्या शेजारी बसल्या, माझं मनगट हातात घेतलं. बांगड्या खाली घरंगळल्या.

"काकू, दिवसभरात काय खाता?"

मी सांगितलं, खाते की. दुपारी खाते.

"आणि रात्री?"

मला खोटं बोलता आलं असतं. बायांच्या बैठकीत मी असली खोटी लगेच पकडते. पण त्या पोरीनं हात धरला होता आन मला एकदम कंटाळा आला. सांगून टाकलं सगळं. नवस सांगितला. मंगळवारचं सांगितलं. हे तिथंच उभे होते.

मॅडमनी मग एका नळीत फुंकायला लावलं. जोरात फुंका, अजून, अजून, अजून. ह्यांनी जानेवारीत फुंकली होती तीच नळी. खोकून खोकून पाणी आलं डोळ्यांत. तीनदा फुंकून घेतलं, मधे औषधाची वाफ दिली, परत फुंकून घेतलं.

मलाही तोच आजार आहे म्हणे. मी उभ्या जन्मात बिडीला हात लावला नाही. तसं म्हणाले तर मॅडमनी विचारलं, "काकू, चुलीपुढं किती वर्षं बसता?" कळायला लागल्यापासून बसते. कोण बसत नाही?

आतासुद्धा चुलीवरच करता का, विचारलं. मी म्हणाले, हो, पण परसात, पोतं लावून, घरात धूर बिलकुल येत नाही. पोरीच्या डोळ्यांत पाणी होतं. मला तिचीच कीव आली, रोज असं सगळ्यांसाठी रडली तर कसं व्हायचं हिचं.

जे ह्यांना सांगितलं होतं तेच मला सांगितलं. स्नायू परत येतो. नाही आणला तर एखाद्या आजारपणात खाट धराल. मी मान हलवली. माझ्या मनात एवढंच आलं की मी खाट धरली तर ह्यांना अंडं कोण उकडून देणार.

एसटीत हे खिडकीकडं तोंड करून बसले.

८ मार्च, रविवार

सकाळी धाडधाड आवाज आला म्हणून परसात गेले. हे कुदळ घेऊन चूल फोडून राह्यले होते. एक घाव घालायचे, ओठ गोल करून फू फू करायचे, परत एक घाव. मी म्हणाले, वेडबिड लागलं का, मॅडमनी वजन उचलू नका सांगितलंय. ऐकलं नाही. चुलीची सगळी माती केली, पोतं ओढून उकिरड्यावर टाकलं, मग भिंतीला टेकून खालीच बसले. खूप वेळ श्वास येईना. मी पंपाचं औषध दिलं, पाठीवरून हात फिरवला. बरगड्या लागतात अजून, पण पहिल्यासारख्या नाहीत.

"गॅसवरची खाईन," म्हणाले. "रबर तर रबर."

एवढं बोलायलाही दोनदा थांबले. मी चुलीची माती गोळा करायला लागले तर हात धरला, राहू दे म्हणाले. पिशवीतून दंडाची पट्टी काढून मी माझ्या दंडाला लावून दाखवली. म्हणाले, बघा, हिरवी आहे, ती मॅडम लेकरूच आहे अजून, उगीच घाबरली.

"ती पट्टी लेकरांची हाय," हे म्हणाले. "मोठ्या माणसाला खोटं सांगती. तूच म्हणाली होती."

मी पट्टी गुंडाळून ठेवली.

१० मार्च, मंगळवार

आज अंगणवाडीतून आले तर घरात भाकरीचा वास. हे गॅसपुढं स्टुलावर बसून भाकरी थापत होते. कारखान्यावर असताना चौघे मिळून खोलीवर राहायचे, तेव्हा हेच थापायचे म्हणे. माझ्या लग्नाला इतकी वर्षं झाली, कधी दिसलं नाही. भाकरी कुठं जाड, कुठं पातळ. पिठलं केलं होतं. दोन अंडी उकडलेली, सोललेली.

एक ताट वाढलं आन माझ्यापुढं सरकवलं.

"आज मंगळवार आहे," मी म्हणाले. "निरंकार आहे माझा."

"नवस कुणासाठी केल्ता?"

"तुमच्यासाठी."

"मंग माझी मांडी मला म्हाईत हाय. भरली. फिटला नवस."

"मॅडम म्हणाल्या थोडीच भरली. देवीला बोललेलं असं अर्ध्यात..."

"देवीचं आन माझं मी बघून घेतो. उद्या पिंपळगावला जाऊ, दोघं जाऊ, मीच सांगतो तिला. आता पयलं ताट तुझं." आन मग माझ्याकडं न बघता बोलले, "तू जेवल्याबिगर मी घास न्हाई घेणार. आजच न्हाई, कवाच न्हाई."

हा माणूस हट्टाला पेटला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. मला सरळ दिसत होतं. हे जेवले नाहीत तर जे भरलंय ते आठ दिवसांत उतरेल. एवढ्या दिवसांची सगळी मेहनत पाण्यात. ह्यांच्यासाठीच खायचं आहे म्हणाले मनात, आन बसले. ह्यांच्या आधी, ह्यांच्या समोर, पहिल्या ताटावर. लई अवघडल्यासारखं झालं. कुणी दारातून बघतंय का, तेही बघून घेतलं.

पहिला घास तोंडात फिरत राहिला. चव नाही, काही नाही. गिळला. दुसरा गिळला. हे टक लावून बघून राह्यले होते, जसं काही मी परीक्षेला बसले आहे. अंडं फोडलं, मीठ लावलं.

आन मग एकदम भूक लागली. कुठून आली कळलं नाही. पोटातून, हातापायातून, सगळीकडून. मला घास नीट धरता येईना. किती भूक लागली होती मला. किती दिवसांची. आन त्या भुकेमागून दुसरं सगळं आलं, डिसेंबरातली ती खाट, ती ऑक्सिजनची नळी, सासरे, ह्यांचं हापशावरून आल्यावर उतरलेलं तोंड. मी जेवता जेवता रडायला लागले. थांबवता येईना. तोंडात घास आन वरून हुंदके.

हे घाबरले. स्टुलावरून उठले, कशाला न धरता एका दमात उठले, आन माझ्यापुढं येऊन उभे राहिले. "काय झालं गं? करपली का भाकर?"

मी मान हलवली. पदरानं तोंड पुसलं.

"तुमचं ताट घ्या," मी म्हणाले. "आन मला अजून एक भाकर वाढा."